तीन मिनिटं दहा सेकंद आणि दोन चाकं

सुरुवातीलाच माफी मागून ठेवते. पहिली ते दहावी मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी हा आमच्याकडे फक्त एक विषय होता आणि तोसुद्धा शुक्रवारच्या शेवटच्या तासाला. त्यामुळे मासिकाच्या मराठी विभागात मी लिहिणार हे कळल्यावर माझी साताऱ्याची रूममेट पाच मिनिटं हसत होती. शेवटी तिनेच हा लेख तपासून दिला. तरीही कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर पोटात घाला.

विषय तसा टेक्निकल आहे. मोटारसायकलवरून आग विझवणं आणि जखमी माणसापर्यंत मदत पोहोचवणं. सेमिनारला टॉपिक मिळत नव्हता म्हणून मी तो निवडलेला नाही. तो मला आपल्या हॉस्टेलमागच्या गल्लीत मिळाला.

गल्लीतली ती दुपार

गेल्या वर्षी सबमिशनच्या आठवड्यात गल्लीतलं झेरॉक्सचं दुकान जळालं, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. दुपारची वेळ होती, मी मेसमध्ये जेवत होते. धूर दिसला म्हणून आम्ही सगळे बाहेर पळालो. फायर ब्रिगेडला फोन गेला आणि बंब गल्लीच्या तोंडाशी आला तो फोननंतर नवव्या मिनिटाला. म्हणजे अजिबात उशिरा नाही. पण गल्ली जेमतेम ४ मीटर रुंद, बंबाची रुंदी अडीच मीटर, आणि दोन्ही बाजूंना आपल्या सगळ्यांच्या गाड्या. मध्ये उरली जागा २ मीटर. गणित कुणीही करावं.

मग मुलं आणि फायरमन मिळून एकेक गाडी उचलून बाजूला ठेवायला लागले. हँडल लॉक असलेली गाडी ढकलता येत नाही, उचलावीच लागते. यात सात मिनिटं गेली. तोंडाशी सगळ्यात पुढे जी पांढरी अ‍ॅक्टिव्हा होती, हँडल लॉक करून मेन स्टँडवर लावलेली, ती माझी. चावी माझ्या हातात होती, पण गर्दीतून पुढे जाऊन "माझी आहे" म्हणायचा मला धीर झाला नाही. चार मुलांनी ती उचलताना मी लांबून बघत होते. हे मी आजवर फक्त दोन जणांना सांगितलं होतं. आता तुम्हा सगळ्यांना सांगते आहे.

जीवितहानी झाली नाही. पण काका फायनल इयरची बाइंडिंगला आलेली ब्लॅक बुकं काढायला दोनदा आत गेले आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्ससुद्धा आली होती. ती बंबाच्या मागे अडकली होती.

लाल बाईक

त्यानंतर एप्रिलमध्ये अग्निसुरक्षा सप्ताह आला. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि ती आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीसाठी दरवर्षी १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. त्या आठवड्यात आपल्या ग्राउंडवर डेमो झाला आणि बंबाच्या शेजारी एक लाल मोटारसायकल उभी होती. मागची सीट काढलेली, दोन्ही बाजूंना मिळून ४० लिटर पाण्याच्या टाक्या, दाबाखालच्या हवेचा सिलिंडर आणि गुंडाळलेला पाइप. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "सर, एवढ्या पाण्यात आमची अंघोळ होत नाही!" सगळे हसले. मीही हसले.

पण रात्री झोप येईना. ४० लिटरमध्ये खरंच काही होतं का? मी वही काढली. आमच्या ब्रँचला थर्मोडायनॅमिक्स आणि हीट ट्रान्सफर आहे, त्याचा परीक्षेबाहेर हा पहिलाच उपयोग.

आग कशी वाढते?

फायर इंजिनिअरिंगमध्ये एक ढोबळ सूत्र वापरतात. सुरुवातीच्या काळात आगीतून दर सेकंदाला बाहेर पडणारी उष्णता ही वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मध्यम वेगाने वाढणाऱ्या आगीसाठी ते असं आहे :

उष्णता (किलोवॅट) = ०.०११७ × सेकंद × सेकंद

आता आकडे घालून बघा. तुलनेसाठी आपला लाडका हीटर रॉड घेऊ. (हॉस्टेलमध्ये बंदी असलेला आणि तरीही प्रत्येक विंगमध्ये सापडणारा!) तो साधारण १.५ किलोवॅटचा असतो.

१ मिनिटाला : ४२ किलोवॅट, म्हणजे २८ रॉड
३ मिनिटांना : ३८० किलोवॅट, म्हणजे सुमारे २५० रॉड
५ मिनिटांना : १०५० किलोवॅट, म्हणजे ७०० रॉड
१० मिनिटांना : ४२०० किलोवॅट, म्हणजे २८०० रॉड

वेळ दुप्पट झाली की आग चौपट. खऱ्या खोलीत हवा कमी पडली की ही वाढ थांबते, पण त्याआधी एक वाईट गोष्ट घडू शकते. छताखाली साचलेला धूर ५००-६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की खोलीतली जवळजवळ प्रत्येक जळणारी वस्तू एकदम पेट घेते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर त्या खोलीत कुणी जिवंत राहणं कठीण.

पाणी थोडं, पण बारीक

आता पाण्याची बाजू. ३० अंशाचं १ लिटर पाणी १०० अंशापर्यंत तापवायला साधारण २९० किलोज्यूल लागतात. पण त्याची वाफ करायला आणखी २२६० किलोज्यूल लागतात. एकूण सुमारे २५५०. म्हणजे पाण्याची जवळजवळ ८८ टक्के ताकद वाफ होण्यात आहे. जे पाणी वाफ न होता जमिनीवरून गटारात वाहून गेलं, त्याने आपलं बहुतेक काम केलंच नाही.

वाफ लवकर व्हायची तर पृष्ठभाग जास्त हवा. १ लिटर पाण्याचे १ मिलिमीटर व्यासाचे थेंब केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो. तेच थेंब ०.१ मिलिमीटरचे केले तर ६० चौरस मीटर. पाणी तेच, पण उष्णता शोषणारा पृष्ठभाग दसपट. शिवाय १ लिटर पाण्याची सुमारे १७०० लिटर वाफ होते आणि ती आगीजवळची हवा बाजूला ढकलते. बाईकवरच्या वॉटर मिस्टचं सगळं रहस्य एवढंच आहे.

डेमोच्या बाईकमधून मिनिटाला साधारण २० लिटर पाणी बाहेर पडत होतं. त्यातल्या अर्ध्याचीच वाफ झाली असं धरू. तर ती बाईक ४२५ किलोवॅट उष्णता शोषू शकते, तीसुद्धा फक्त दोन मिनिटं. मग वरच्या सूत्रात ४२५ घालून वेळ काढली. उत्तर आलं, ३ मिनिटं १० सेकंद.

म्हणजे मध्यम आगीत बाईक ३ मिनिटं १० सेकंदांच्या आत पोहोचली तर जिंकेल. पाचव्या मिनिटाला पोहोचली तर हरेल, कारण समोर १०५० किलोवॅट असतील. फोमच्या गादीसारखी वेगाने वाढणारी आग असेल तर ही मुदत १ मिनिट ३५ सेकंदांवर येते. जाड भरीव लाकडासारखी मंद आग असेल तर ६ मिनिटं २० सेकंद मिळतात. उलट बंबाचा एक होज मिनिटाला ४०० लिटर टाकतो. त्याच हिशोबाने तो ८५०० किलोवॅट शोषतो, म्हणून तो दहाव्या मिनिटाला येऊनही जिंकू शकतो. अट एकच, तो दारापर्यंत पोहोचला पाहिजे.

हिशोब ढोबळ आहे हे मान्य. पण त्यातून मला एक गोष्ट कळली. आग विझवताना लिटर आणि मिनिटं ही एकमेकांच्या बदल्यात मिळतात. लवकर आलात तर थोडं पाणी पुरतं, उशीर केलात तर टँकर लागतो.

कोबेने शिकवलेला धडा

हा विचार जगात सगळ्यात गांभीर्याने केला तो जपानने. १७ जानेवारी १९९५, पहाटे ५ वाजून ४६ मिनिटं. कोबे शहर आणि आसपासचा भाग भूकंपाने हादरला. ६,४०० हून जास्त माणसं गेली. घरं कोसळून रस्ते बंद झाले, जमिनीखालच्या पाण्याच्या लाइन फुटल्या. शहरात जागोजागी आगी लागल्या आणि नागाता भागात तर वस्त्याच्या वस्त्या जळाल्या. बंब होते, माणसं होती, पण रस्ता नव्हता आणि नळाला पाणी नव्हतं.

त्यानंतर टोकियोच्या अग्निशमन दलाने १९९७ मध्ये मोटारसायकलींची तुकडी सुरू केली. तिचं नाव 'क्विक अटॅकर'. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे त्या जोडीने निघतात. एका बाईकवर हवेच्या दाबाने पाण्याचा फटका मारणारी गन, दुसऱ्या बाईकवर सुटकेची अवजारं आणि एक्स्टिंग्विशर. गाड्या कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या, हलक्या. म्हणजे त्यांनी एका बाईकवर सगळं लादलं नाही, काम वाटून दिलं. बाईकस्वार आधी पोहोचून आगीचं काय चाललंय हेही मागच्या गाड्यांना कळवतो. कधी कधी ही बातमीच पाण्याइतकी मोलाची असते.

भारतातसुद्धा काही अग्निशमन दलांनी बुलेटवर वॉटर मिस्टच्या टाक्या बसवून गल्लीबोळांसाठी गाड्या केल्या आहेत.

आगीपेक्षा माणसाला जास्त उपयोग

खरं सांगायचं तर बाईकचा सगळ्यात जास्त फायदा आगीत नाही, अ‍ॅम्ब्युलन्सच्या कामात झाला आहे. कारण सोपं आहे. आगीला पाणी लागतं आणि पाणी जड असतं. माणसाला पहिल्या काही मिनिटांत जे लागतं ते बहुतेक एका बॅगेत मावतं : ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर, मलमपट्टी, काही औषधं, हृदयाला शॉक देणारं छोटं यंत्र आणि मुख्य म्हणजे एक शिकलेला माणूस.

हृदय अचानक बंद पडलं आणि कुणीच छाती दाबली नाही, शॉक दिला नाही, तर वाचायची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. इथेही मिनिटंच!

लंडनच्या अ‍ॅम्ब्युलन्स सेवेने १९९१ पासून मोटारसायकली वापरल्या. ब्राझीलमध्ये २००८ मध्ये सरकारी अ‍ॅम्ब्युलन्स सेवेत बाईक आल्या. इस्रायलमध्ये २००६ साली सुरू झालेल्या युनायटेड हात्झाला या संस्थेची पद्धत वेगळी आहे. त्यांचे स्वयंसेवक आपापली नोकरी-धंदा करत असतात. फोन आला की जो सगळ्यात जवळ असेल त्याच्या मोबाइलवर निरोप जातो आणि तो हातातलं काम टाकून निघतो. गाडी वेगाने पळवण्यापेक्षा मदत आधीच जवळ ठेवणं, ही यातली हुशारी.

आपल्याकडे कर्नाटकात २०१५ मध्ये ३० बाईक अ‍ॅम्ब्युलन्स सुरू झाल्या आणि मुंबईत ऑगस्ट २०१७ मध्ये १०८ सेवेत १० बाईक आल्या. गोव्यातही त्या आल्या. बाईक पेशंटला घेऊन जात नाही हे लक्षात ठेवायला हवं. मोठी अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत ती पेशंटला सांभाळते.

बाईकच्या मर्यादा

आता मेकॅनिकलची विद्यार्थिनी म्हणून दुसरी बाजू लिहिली नाही तर आमचे सर व्हायवाला सोडणार नाहीत.

वजन : ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो, त्यात टाक्या, सिलिंडर, पाइप, आणि स्वाराचा सूट. हे वजन उंच ठेवलं तर गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी सांभाळणं कठीण होतं. म्हणून टाक्या दोन्ही बाजूंना आणि शक्य तितक्या खाली. शिवाय अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा त्रासदायक, कारण पाणी आत हिंदकळतं. त्यासाठी आत आडवे पडदे घालतात.

वेग : समजा ३ किलोमीटर जायचंय. ताशी ४० ने साडेचार मिनिटं लागतात, ६० ने तीन मिनिटं. दीड मिनिट वाचलं. पण रस्त्याचं घर्षण ०.६ धरलं तर ४० ला ब्रेक मारल्यावर गाडी साडेदहा मीटरमध्ये थांबते आणि ६० ला साडेतेवीस मीटर लागतात. पावसात याहून जास्त. आणि स्वारच पडला तर एकाऐवजी दोन पेशंट. बाईकचा खरा फायदा ती न थांबता जाते यात आहे, ती भन्नाट जाते यात नाही.

एकटा माणूस : जळत्या घरात एकट्याने आत शिरायचं नसतं. बाईकस्वाराकडे मागे उभा राहणारा जोडीदार नसतो, शिडी नसते. बंद खोलीत पाण्याची वाफ त्यालाच भाजू शकते. काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला ९ मे २०१५ ला लागलेल्या आगीने मुंबई अग्निशमन दलाचे ४ अधिकारी नेले. हे सगळे अनुभवी लोक होते. मोठ्या आगीपुढे बाईक म्हणजे काहीच नाही. बाईक घेतली म्हणून बंब कमी करा असं कुणी म्हणालं तर तो हिशोबच चुकला.

मग ३ मिनिटं १० सेकंदांत कोण पोहोचणार?

हा प्रश्न वहीत लिहून मी बराच वेळ बसले होते. आग लागली, कुणाला तरी दिसली, त्याने फोन केला, पत्ता सांगितला, यातच दोन मिनिटं जातात. चौकातच उभी असलेली बाईकसुद्धा जेमतेम पोहोचेल. म्हणजे पहिल्या तीन मिनिटांत जागेवर असतो तो फक्त आपण. बाईक ही दुसरी कडी, बंब तिसरी. पहिली कडी तुटली तर दुसऱ्या दोघांचं काम कित्येक पटींनी वाढतं.

शाळेत आमच्या सिस्टर दर तीन महिन्यांनी फायर ड्रिल घ्यायच्या. रांगेत, न बोलता, न पळता. आम्हाला तो अभ्यास बुडवायचा चान्स वाटायचा. आज त्यातलं सगळं आठवतंय. तर मंडळी, आपल्या हॉस्टेलपुरत्या या गोष्टी पाठ करा :

१) आग दिसली की आधी ओरडून सगळ्यांना बाहेर काढा, मग १०१ किंवा ११२ ला फोन. जखमींसाठी १०८. पत्ता सांगताना जवळची खूण सांगा आणि एकाने गल्लीच्या तोंडाशी उभं राहून वाट दाखवा.

२) प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ लाल एक्स्टिंग्विशर आहे. पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. पाठ दाराकडे ठेवा. ६ किलोचा सिलिंडर १५ ते २० सेकंदांत संपतो, म्हणून लांबून उडवू नका. आग कमरेपेक्षा उंच गेली असेल तर नाद सोडा, दार ओढून घ्या आणि बाहेर पडा.

३) विजेच्या आगीवर पाणी नको, आधी मेन स्विच बंद. कढईतलं तेल पेटलं तरी पाणी नको, गॅस बंद करून झाकण ठेवा.

४) भाजलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको. अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा, नंतर सूज येते. (त्या दिवशी काकांच्या हाताला कुणीतरी अर्धी ट्यूब टूथपेस्ट फासली होती. दवाखान्यात ती काढताना त्यांना जास्त त्रास झाला.)

५) माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर १०८ ला फोन करा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका.

६) गल्लीत गाडी एकाच बाजूला लावा. तोंडाशी तर कधीच नाही.

सहावा मुद्दा मी शेवटी लिहिला, पण लेख त्याच्यासाठीच आहे. एका बाजूच्या गाड्या काढल्या तर ४ मीटरमधले ३ मीटर मोकळे राहतात आणि अडीच मीटरचा बंब आत येतो. यासाठी ना नवीन बाईक लागते, ना बजेट. रेक्टर मॅडमना आम्ही अर्ज दिला आहे. मागच्या मैदानाचा कोपरा पार्किंगसाठी उघडून मिळाला तर उत्तमच. पण ते होईपर्यंत थांबायची गरज नाही.

काकांनी आता गल्लीच्या दुसऱ्या टोकाला छोटं दुकान टाकलं आहे. एकच मशीन आहे. उजव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत, म्हणून पानं डाव्या हाताने लावतात. मागच्या महिन्यात मी त्यांना जाऊन सांगितलं, "काका, त्या दिवशी सगळ्यात पुढची गाडी माझी होती." ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता रागावतील. ते एवढंच म्हणाले, "बरं. आता कुठं लावतेस गं?"

मी मैदानाच्या भिंतीजवळ लावते. मेसपर्यंत चार मिनिटं चालावं लागतं. तुम्ही कुठे लावता?